खग्रास चंद्रग्रहण पाहताना आणि टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर डोळ्यांना काही होतं का?

नाही. चंद्रग्रहणात आपण चंद्राकडेच बघत असतो आणि तोही रोजच्या पौर्णिमेपेक्षा फिका असतो. गाळणी, खास चष्मा, काळी काच यातलं काहीही लागत नाही. दुर्बिणीतून पाहिलं तरी धोका नाही. भीती सूर्यग्रहणाची, आणि तिथे ती शंभर टक्के खरी आहे. या दोन ग्रहणांची गल्लत होते आणि सूर्यग्रहणाचा चष्मा लावून कुणीतरी ग्रहणातला चंद्र शोधत बसतं. त्या चष्म्यातून काळोखाशिवाय काहीच दिसत नाही.

खग्रास, खंडग्रास, छायाकल्प यांत फरक काय?

पृथ्वीच्या सावलीचे दोन भाग असतात. मधला गडद शंकू म्हणजे प्रच्छाया, तिथे सूर्य पूर्ण झाकलेला असतो. तिच्याभोवतीची विरळ सावली म्हणजे उपच्छाया, तिथून सूर्याचा काही भाग दिसत राहतो. चंद्र संपूर्णपणे प्रच्छायेत शिरला की खग्रास, काही भागच शिरला की खंडग्रास, आणि नुसत्या उपच्छायेतून गेला की छायाकल्प.

चंद्राच्या अंतरावर प्रच्छायेची रुंदी सुमारे ९,००० किलोमीटर असते आणि चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे सावलीत शेजारी शेजारी अडीच चंद्र मावतील. खग्रास ग्रहण तास-दीड तास चालू शकतं ते यामुळेच.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. ही दोन प्रतलं एकमेकांना छेदतात त्या पातबिंदूंच्या जवळ पौर्णिमा घडली तरच ग्रहण लागतं.

ग्रहणाच्या वेळांमधले स्पर्श, संमीलन, उन्मीलन, मोक्ष हे शब्द कसे वाचायचे?

हे जुने शब्द आजही सगळ्यांत नेमके आहेत. चंद्राची कड प्रच्छायेला टेकते तो स्पर्श. चंद्र पूर्ण बुडतो ते संमीलन, इथे खग्रास अवस्था सुरू होते. चंद्र सावलीच्या मध्याला सगळ्यांत जवळ येतो तो ग्रहणमध्य. पहिली उजळ कड पुन्हा बाहेर येते ते उन्मीलन. सावली बिंबावरून पूर्ण उतरते तो मोक्ष.

स्पर्शापासून संमीलनापर्यंत साधारण एक तास जातो, उन्मीलनापासून मोक्षापर्यंतही तेवढाच. स्पर्शाच्या आधी आणि मोक्षानंतर तासभर उपच्छायेची अवस्था असते, पण तिचा पहिला बराचसा भाग डोळ्यांना जाणवतच नाही. स्पर्शाच्या वीसेक मिनिटं आधी चंद्राच्या एका बाजूला धुरकट छटा दिसू लागते, तेव्हा बाहेर आलात तरी चालेल.

या वेळा पृथ्वीवर सगळीकडे एकाच क्षणी येतात, बदलतं ते फक्त घड्याळ. जागतिक वेळेत दिलेला आकडा आपल्या प्रमाणवेळेत बदलून घ्या आणि तारीख पुन्हा एकदा तपासा. मध्यरात्र ओलांडताना एका दिवसाची चूक हमखास होते.

खग्रास अवस्था किती वेळ टिकते?

प्रत्येक ग्रहणाची वेगळी. २७ जुलै २०१८ ला ती १०३ मिनिटं होती, एकविसाव्या शतकातली सगळ्यांत लांब. चंद्र सावलीच्या जवळजवळ मधून गेला होता आणि पृथ्वीपासून दूर असल्याने त्याची चालही संथ होती. त्याउलट ४ एप्रिल २०१५ ला चंद्र सावलीच्या कडेकडेने गेला आणि खग्रास अवस्था जेमतेम पाच मिनिटं मिळाली. फोटोचा बेत आखायच्या आधी हा आकडा बघा. शंभर मिनिटं हाताशी असतील तर चुका सुधारता येतात. पाच मिनिटांत तेवढी सवड नसते.

चंद्र लाल का होतो? काळा का नाही?

पृथ्वीला वातावरण नसतं तर चंद्र जवळपास दिसेनासा झाला असता. सूर्याचे किरण पृथ्वीच्या कडेने, वातावरणातून जाताना वाकतात आणि सावलीच्या आत शिरतात. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा पुढे पोचतो. त्या घडीला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, त्या सगळ्या ठिकाणांचा तांबूस उजेड एकत्र होऊन चंद्रावर पडलेला असतो. मला ग्रहणाबद्दल सगळ्यांत प्रिय गोष्ट हीच आहे.

चंद्रावर उभं राहिलं तर त्याच वेळी सूर्यग्रहण दिसेल : काळी पृथ्वी आणि तिच्याभोवती पेटलेलं तांबडं कडं. ही कल्पनाच नाही फक्त. चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेअर ३ या यानाने २४ एप्रिल १९६७ ला हे दृश्य टिपलं होतं.

प्रत्येक वेळी रंग सारखाच असतो का?

मुळीच नाही, आणि म्हणूनच एक ग्रहण पाहिलं म्हणजे सगळी पाहिली असं होत नाही. रंग ठरतो दोन गोष्टींवर : चंद्र सावलीत किती खोल शिरतो आणि त्या दिवसांत पृथ्वीच्या वातावरणात धूळ, ढग, राख किती आहे. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याने उडवलेले कण पुढे बराच काळ वरच्या वातावरणात राहिले आणि ९ डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला की तो शोधावा लागत होता. १८८३ च्या क्राकाटोआ उद्रेकानंतर ऑक्टोबर १८८४ च्या ग्रहणातही असंच झालं होतं.

रंग नोंदवायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांची पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. ० म्हणजे चंद्र जवळपास अदृश्य. १ म्हणजे करडा-तपकिरी, तपशील कष्टाने दिसणारा. २ म्हणजे गंजासारखा गडद तांबडा, मधे बराच काळसर. ३ म्हणजे विटकरी, कडेला पिवळट झाक. ४ म्हणजे उजळ तांबूस-नारिंगी, कडेला निळसर छटा. ग्रहणमध्याला नुसत्या डोळ्यांनी बघा, आकडा ठरवा आणि तिथल्या तिथे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फोटो बघून ठरवलेला आकडा हा डोळ्यांचा अंदाज राहत नाही, तो कॅमेऱ्याच्या सेटिंगचा होतो.

तेज मोजायची एक जुनी, सुंदर युक्ती आहे. द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण, बायनॉक्युलर) उलटी धरून चंद्राकडे बघा. तो आक्रसून ताऱ्याएवढा ठिपका होतो, मग दुसऱ्या, साध्या डोळ्याने दिसणाऱ्या ताऱ्यांशी त्याची तुलना करता येते. फक्त जवळचंच नीट दिसणाऱ्यांनी चष्मा काढून चंद्र आणि तारे दोन्ही धूसर करून तुलना केली तरीही चालतं.

ती निळी कड खरंच दिसते, की फोटोवर संस्कार करून आणलेली असते?

खरी आहे. संमीलनाच्या आधीची आणि उन्मीलनानंतरची काही मिनिटं, उजळ भाग आणि लाल भाग यांच्या मधोमध निळसर-हिरवट पट्टा येतो. वातावरणाच्या वरच्या थरातून, ओझोनमधून आलेला प्रकाश तिथे पडतो. ओझोन तांबडा प्रकाश शोषतो, म्हणून उरतो तो निळसर.

नुसत्या डोळ्यांना हा पट्टा सहसा कळत नाही. द्विनेत्रीतून कळतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं भिंगाचाच दोष असावा. द्विनेत्री थोडी फिरवली, चंद्र दृश्याच्या दुसऱ्या कडेला नेला, तरी पट्टा चंद्राच्या त्याच भागावर होता. एका बाजूला डोळे दिपवणारी बारीक पांढरी कोर, तिला लागून शंखाच्या आतल्या बाजूसारखा फिकट निळा, मग करडा, मग तांबडा अंधार. हे सगळं एकाच बिंबावर. पूर्ण लाल चंद्रापेक्षाही मला ही पाच-सात मिनिटं मोलाची वाटतात.

पाहायला दुर्बीण हवीच का?

हवीच असं नाही. नुसत्या डोळ्यांनी ग्रहण उत्तम दिसतं. पण एकच साधन घ्यायचं असेल तर मी ७×५० किंवा १०×५० ची (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) द्विनेत्री घ्या म्हणेन. मोठ्या दुर्बिणीत लाल रंग पातळ होऊन जातो. द्विनेत्रीत मात्र चंद्र चेंडूसारखा गोल, आकाशात टांगलेला दिसतो. पौर्णिमेचा चपटा थाळा आणि हा गोळा, दोन्ही एकच यावर विश्वास बसत नाही.

मोठी दुर्बीण असेल तर वेगळं काम करा. सावलीची कड टायको, कोपर्निकस, प्लेटो अशा ओळखीच्या विवरांवर नेमकी किती वाजता येते ते टिपा. हौशी निरीक्षकांनी अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्या केल्या आहेत. वातावरणामुळे पृथ्वीची सावली भूमितीच्या हिशेबापेक्षा सुमारे दोन टक्के मोठी पडते, हे अशाच नोंदींमधून तपासलं जातं.

आकाशात चंद्राशिवाय बघण्यासारखं काय?

आकाशच. पौर्णिमेच्या रात्री ठळक तारेच तेवढे दिसतात. खग्रास अवस्थेत चंद्राचा उजेड हजारो पटींनी उतरतो आणि तारे एकेक करून परत येतात. जागा अंधारी असेल आणि ऋतू योग्य असेल तर आकाशगंगाही उमटते. दर दहा मिनिटांनी मान वर करून एकाच तारकासमूहातले तारे मोजा, वाढत जाणारा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

सावलीच्या कडेकडेही लक्ष द्या. खंडग्रास अवस्थेत ती नेहमी वर्तुळाचाच तुकडा असते. पृथ्वी कशीही फिरलेली असो, सावली गोलच पडते, म्हणून पृथ्वी गोल, हा ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद होता. ग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होतं हे आर्यभटानेही स्पष्ट लिहून ठेवलं आहे, आणि त्याचा ग्रंथ इ. स. ४९९ च्या सुमाराचा.

फोनने फोटो निघतो का?

निघतो, पण अपेक्षा बेताची ठेवा. फोन ट्रायपॉडवर लावा, टायमर वापरा. टेलिफोटो लेन्स असेल तर तीच निवडा. बोटांनी ताणून केलेला झूम नुसता कणांचा चिखल करतो. चंद्रावर बोट टेकवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड कमी करा, म्हणजे पांढरा डाग न येता तपशील येतील. खग्रास अवस्थेत उलट, नाइट मोड लावा. काही फोन चंद्र ओळखून चित्र आपणहून ‘सुधारतात’. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर ग्रहणाचा रंगच पुसला जाईल.

फोनचा खरा उपयोग मला वेगळा वाटतो. समोर झाड, टेकडी, माणसांच्या आकृती आणि वर छोटासा तांबडा चंद्र. असा फोटो फोन चांगला काढतो. किंवा दुर्बिणीच्या नेत्रिकेला फोनचं भिंग नीट टेकवून धरा, त्यासाठी पकडही मिळते. चंद्र अख्ख्या पडद्यावर येतो.

कॅमेऱ्याला किती मिलिमीटरची लेन्स लागते?

सोपा हिशेब : फोकल लांबीला ११० ने भागा, तेवढे मिलिमीटर चंद्र सेन्सरवर उमटतो. ४०० मिमीला साधारण ३.६ मिमी, २०० मिमीला १.८, ५० मिमीला अर्धा मिलिमीटरही नाही. फुल फ्रेम सेन्सर २४ मिमी उंच असतो, त्यावरून चौकटीत चंद्र केवढा येईल ते कळतं. बिंबाचे तपशील हवेत तर ३०० मिमीच्या पुढे जा. लहान लेन्स असेल तर चंद्र मोठा करायचा हट्ट सोडा आणि भूदृश्य शोधा.

एक्स्पोजर किती ठेवायचं?

फसगत होते ती इथेच. पूर्ण चंद्र आणि खग्रास चंद्र यांच्या तेजात दहा हजार पटींच्या आसपास फरक पडतो. एकच सेटिंग रात्रभर चालणार नाही. मॅन्युअल मोडमध्ये सुरुवात करायला माझे आकडे असे :

ग्रहण लागण्याआधी : आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), १/२५० सेकंद.
अर्धा चंद्र झाकलेला, उजळ भागासाठी : तेच, पण १/६० च्या आसपास.
बारीक कोर उरलेली : १/१५, किंवा आयएसओ वाढवा.
खग्रास : आयएसओ १६००, एफ/५.६, अर्धा ते दोन सेकंद. गडद ग्रहणात याहून बरंच जास्त.

हे आकडे म्हणजे केवळ पहिलं पाऊल. चंद्र क्षितिजाजवळ असेल, हवेत धूर असेल, रंग गडद असेल तर सगळं बदलतं. प्रत्येक टप्प्याला मागेपुढे दोन-दोन पायऱ्यांचे (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फोटो घ्या आणि हिस्टोग्राममधला (कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखातला) लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसत असताना लाल रंग उजव्या भिंतीला आपटलेला असतो, आणि चंद्र घरी येऊन पाहिल्यावर नारिंगी टिकलीसारखा सपाट निघतो.

रॉ मध्येच (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, ५,२०० ते ५,५०० केल्विनला बांधून ठेवा. ऑटोवर सोडलंत तर कॅमेरा लाल रंग ‘चूक’ समजून दुरुस्त करतो.

फोटो हलल्यासारखे का येतात?

तीन कारणं असतात. पहिलं, हात : दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, कॅमेरा ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, ट्रायपॉडचा मधला दांडा वर ओढू नका.

दुसरं, पृथ्वी फिरते. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतं. ४०० मिमीला एका सेकंदात चंद्र सेन्सरवर जवळपास ०.०३ मिमी सरकतो, म्हणजे साधारण सात पिक्सेल. म्हणून ट्रायपॉडवर मोठ्या लेन्सने अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे जाण्यापेक्षा आयएसओ वाढवलेला बरा. त्याने येणारे कण नंतर कमी करता येतात, घसरलेली कड पुन्हा धारदार होत नाही. आकाशाबरोबर फिरणारं माउंट असेल तर ते चंद्राच्या गतीवर लावा. मग काही सेकंदांचं एक्स्पोजरही सहज चालतं.

तिसरं कारण फोकस.

फोकस कसा साधायचा?

ग्रहण लागण्याआधी, चंद्र उजळ असताना. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठं करा, चंद्राच्या कडेवर किंवा एखाद्या विवरावर हाताने फोकस करा, ऑटोफोकस बंद करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. खग्रास अवस्थेत ऑटोफोकस मंद बिंबावर पकड घेत नाही, पुढेमागे हेलपाटे घालत राहतो. एका ग्रहणात मी ऑटोफोकस चालू ठेवला होता. संमीलनानंतरचे तब्बल चाळीस फोटो मऊ, लाल ढगासारखे निघाले आणि ते कळलं उन्मीलन झाल्यावर.

रात्र थंड होत जाते तशी लेन्स आक्रसते आणि फोकस हलतो. तासाभराने एखाद्या ताऱ्यावर पुन्हा तपासा. दव हा दुसरा शत्रू. समोरच्या काचेवर ते इतकं हळूहळू साचतं की फोटो फिके पडू लागले तरी आपण दोष ग्रहणाला देतो. लेन्स हूड लावा, बॅटरी टॉर्चने काच तिरकी बघत राहा, आणि दव आलं तर पुसू नका, उबदार हवेने वाळू द्या. जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

एकाच चित्रात चंद्रांची माळ कशी काढतात?

कॅमेरा अजिबात न हलवता ठरावीक अंतराने फोटो काढून नंतर एकत्र करतात. चंद्र आकाशात स्वतःच्या रुंदीएवढा दोन मिनिटांत सरकतो, म्हणून पाच मिनिटांचं अंतर ठेवलं की बिंबं सुटी राहतात. स्पर्श ते मोक्ष साडेतीन तास धरले तर चंद्र सुमारे ५२ अंश जातो. फुल फ्रेमवर ३५ मिमीची लेन्स आडवी जेमतेम पुरते. २४ मिमी घेतली तर श्वास घ्यायला जागा राहते. आदल्या रात्री त्याच जागी जाऊन चंद्राचा मार्ग बघून या. मात्र रोज चंद्र साधारण पाऊण-एक तास उशिरा त्या जागी येतो, हे धरून चाला.

चंद्र एका लेन्सने आणि खालचं दृश्य दुसऱ्या लेन्सने काढून जोडलं असेल तर फोटोखाली तसं लिहा. जोडणं गैर नाही. न सांगता जोडणं मला पटत नाही, कारण बघणारा माणूस पुढच्या ग्रहणात तसाच प्रचंड चंद्र शोधतो आणि खऱ्या चंद्रावर नाराज होतो.

ढग आले तर?

थांबा. सूर्यग्रहणासारखी ही दोन-तीन मिनिटांची गोष्ट नाही, ढगांत फट पडायला वेळ असतो. पातळ ढगातून लाल चंद्राभोवती कधी कधी मऊ वलय येतं, तेही टिपण्यासारखं असतं.

सगळा वेळ कॅमेऱ्यामागे जातो, काय करावं?

वेळापत्रक कागदावर लिहा : संमीलनाभोवती दहा मिनिटं फोटो, ग्रहणमध्याला पाच मिनिटं, उन्मीलनाभोवती पुन्हा दहा. मधला वेळ कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याचा पडदाही झाकून ठेवा. अंधाराला सरावलेले डोळे त्या उजेडाने एका क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस मिनिटं तरी जातात. ग्रहणमध्याचा खरा रंग सरावलेल्या डोळ्यांनाच दिसतो.

यापुढची खग्रास चंद्रग्रहणं कधी?

३ मार्च २०२६ च्या खग्रास ग्रहणानंतर मोठा खंड पडतो. २८ ऑगस्ट २०२६ चं ग्रहण खंडग्रास आहे, मात्र त्यात चंद्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला जाईल. २०२७ मध्ये फक्त छायाकल्प ग्रहणं. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास, ग्रहणमध्य जागतिक वेळेनुसार १६:५२ ला, खग्रास अवस्था ७१ मिनिटं. आशिया, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतून काही ना काही दिसेल. मग २०२९ मध्ये दोन : २६ जूनला तब्बल १०२ मिनिटांचं आणि २० डिसेंबरला ५४ मिनिटांचं. २६ जूनचं ग्रहण अमेरिका खंडांतून उत्तम दिसेल. १०२ मिनिटांत माळही निघेल, जवळचे फोटोही निघतील आणि तारे मोजायलाही वेळ उरेल.